आई रुग्णालयात, मुलं शेजारणीकडे: सरकारी तात्पुरता सांभाळ कसा मागायचा

प्रश्न थोडक्यात असा. मूळची लातूर जिल्ह्यातली एक बाई पुण्यात भाड्याच्या खोलीत राहते, बांधकामावर जाते. परांचीवरून पडून तिचं मांडीचं आणि कमरेचं हाड मोडलं. सरकारी रुग्णालयात आहे, आणि शस्त्रक्रिया व विश्रांती धरून तीन महिने तरी मुलांकडे बघता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. नवरा वर्षापूर्वी घर सोडून गेला. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सात, धाकटा दीड वर्षाचा. शेजारीण चार दिवस तिघांना सांभाळतेय, पण तिलाही कामावर जायचंय. गावी मुलांची आजी आहे, थकलेली. शेजारणीला (पुढे ‘तुम्ही’ म्हणजे तीच) मुख्यतः दोन गोष्टी विचारायच्या आहेत: सरकार अशी मुलं काही दिवस ठेवून घेतं का? आणि एकदा दिली की परत मिळतात का?

दोन्हींचं उत्तर ‘हो’ आहे. पण दुसरं ‘हो’ पहिल्या दिवशी कागदावर काय लिहिलं जातं यावर टिकून असतं, म्हणून आधी तेच सांगणं भाग आहे.

ही व्यवस्था बाल न्याय अधिनियम, २०१५ या कायद्याखाली चालते. त्यात ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ कोणाला म्हणायचं याची मोठी यादी आहे. आई-वडील आहेत पण सांभाळायला असमर्थ आहेत, हे त्यातलं एक कारण. आई-वडिलांनी सोडून दिलेलं मूल हे वेगळं कारण. आई-वडिलांनी स्वतः लिहून देऊन कायमचं समर्पित केलेलं मूल हे तिसरं. या तीन प्रकारांतली मुलं कदाचित एकाच शिशुगृहात, म्हणजे लहान बाळांच्या संस्थेत, शेजारशेजारच्या पाळण्यांत झोपतील. पुढचा रस्ता मात्र तिन्ही प्रकारांचा वेगळा.

सोडून दिलेल्या मुलाच्या बाबतीत बाल कल्याण समिती, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती, पालकांचा शोध घेते. कोणी पुढे आलं नाही, तर दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्याला चार महिन्यांत दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करता येतं. समर्पण केलेल्या पालकांना फेरविचाराला दोन महिने मिळतात. आता या बाईचं गणित मांडून बघा. ती तीन महिने खाटेवर, धाकटा दीड वर्षाचा. पहिल्या अहवालात कोणी घाईघाईत ‘पालकांचा पत्ता नाही’ असं लिहिलं आणि ते कोणी दुरुस्तच केलं नाही, तर आई उठून चालायला लागायच्या आत मुदत संपते. हे कोणी मुद्दाम करत नाही. रात्री अकरा वाजता दमलेला माणूस छापील अर्जातल्या सोप्या रकान्यात खूण करतो, एवढंच घडतं.

म्हणून मुलांबरोबर एक साधा कागद जायलाच हवा. मजकूर असा ठेवा: ‘या तीन मुलांची आई श्रीमती अमुक, वय इतके, ही अमुक रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात, वॉर्ड क्रमांक अमुक, आंतररुग्ण नोंदणी क्रमांक अमुक, या तारखेपासून दाखल आहे. तिने मुलांना सोडलेले नाही. ती बरी होईपर्यंत मुलांच्या तात्पुरत्या सांभाळाची विनंती आहे. त्यानंतर तिला मुले परत हवी आहेत.’ खाली आईची सही किंवा अंगठा. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक नावाचं पद असतं. वॉर्डातल्या सिस्टरना विचारलं की त्यांची खोली दाखवतात. आईचं म्हणणं तिच्या खाटेपाशी जाऊन लिहून घेणं आणि डॉक्टरांचं पत्र मिळवून देणं ही कामं त्या अधीक्षकांना नेहमीची आहेत. डॉक्टरांच्या पत्रात निदानाबरोबर ‘अंदाजे किती आठवडे’ हे लिहून घ्या. तो आकडा नसेल, तर पंधरा दिवसांची सोय करायची की चार महिन्यांची, हे समितीला ठरवता येत नाही आणि पुढची तारीख पडते.

आईपुढे ‘समर्पणपत्र’ किंवा ‘सरेंडर डीड’ असं शीर्षक असलेला कागद आला, तर तिने सही करू नये. तात्पुरत्या सांभाळासाठी त्या कागदाची गरजच नाही. ‘ही नुसती औपचारिकता आहे’ असं कोणी म्हणालं तरी नाही.

आता फोन. १०९८ ही बाल हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते आणि फुकट आहे. २०२३ पासून ती महिला व बालविकास खात्याच्या नियंत्रण कक्षातून चालते आणि ११२ शी जोडलेली आहे. मुलांच्या जिवाला आत्ता, या क्षणी धोका असेल तर सरळ ११२. तुमच्या बाबतीत १०९८ पुरे. बोलताना मुलं या क्षणी कुठे आहेत, कोणाजवळ आहेत, तिघांची वयं, आई कुठल्या वॉर्डात आहे आणि तुम्ही आणखी किती दिवस सांभाळू शकता, एवढं नेमकं सांगा. शेवटची गोष्ट सांगायला लोक कचरतात. ‘उद्या संध्याकाळपर्यंत’ असं स्पष्ट सांगितलं की समोरच्याला घाई किती आहे ते कळतं. ‘बघू, जमेल तितके दिवस’ म्हटलं की तुमचा फोन साहजिकच इतर तातडीच्या फोनांच्या मागे जातो. तक्रारीचा नोंदणी क्रमांक मागून वहीत लिहून ठेवा.

शेजारणीने मुलं ठेवली हा गुन्हा आहे का, असंही विचारलंय. आईच्या सांगण्यावरून, तिला ठाऊक असताना चार दिवस मुलं सांभाळणं हा अजिबात गुन्हा नाही. पण पालकांपासून तुटलेलं, आधार नसलेलं मूल सापडलं तर २४ तासांच्या आत हेल्पलाइन, पोलीस, समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कोणाला तरी कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. आई बेशुद्ध असती आणि नातेवाइकांचा ठावठिकाणा नसता, तर तुम्हाला पहिल्याच दिवशी कळवावं लागलं असतं.

बाल कल्याण समिती प्रत्येक जिल्ह्यात असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असले तरी ते कोर्ट नव्हे. मुलं आणि सदस्य यांच्यामध्ये पिंजरा किंवा कठडा नसतो. मूल ताब्यात घेतल्यापासून, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत समितीसमोर हजर करावं लागतं. हेल्पलाइनचा कार्यकर्ता, पोलीस, परिचारिका, डॉक्टर, कोणीही नागरिक, इतकंच काय खुद्द मूलही समितीसमोर जाऊ शकतं. तरीही हेल्पलाइनच्या माणसाबरोबर जाणं सोयीचं. कुठल्या बालगृहात जागा आहे, अर्ज कोणता भरायचा हे त्याला माहीत असतं. कायद्याप्रमाणे समितीने महिन्यात किमान २० दिवस बसायला हवं. जाण्याआधी फोन करून आज बैठक आहे ना, हे विचारा. रविवार किंवा रात्र असली म्हणून मुलाला पोलीस ठाण्यात बसवून ठेवायचं कारण नाही. समिती बसलेली नसेल तेव्हा एकट्या सदस्यासमोरही मूल हजर करता येतं आणि तो सदस्य बालगृहात किंवा योग्य व्यक्तीकडे ठेवायचा आदेश देऊ शकतो. ही तरतूद ठाण्यातल्या सगळ्यांना माहीत असतेच असं नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यालाच विचारा.

समिती मुलांशीही बोलते. अकरा वर्षांच्या मुलाला काय बोलायचं ते पढवून पाठवू नका. आई कुठे आहे, आपण कुठे चाललोय आणि किती दिवसांसाठी, हे त्याला खरं खरं सांगा. ‘मामाकडे जायचंय’ असं सांगून नेलेलं मूल पुढचे कित्येक दिवस कोणावरच विश्वास ठेवत नाही. ते पळून जायचा प्रयत्न करतं तेही बहुधा पहिल्या आठवड्यातच.

आता मुख्य मुद्दा. सरकारी मदत म्हटलं की लोकांना बालगृहाची इमारत दिसते. कायद्यात मात्र संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे, तसं तत्त्व म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याआधी कुटुंब, नातेवाईक, मग ‘फिट पर्सन’, म्हणजे मूल तात्पुरतं सांभाळायला समितीने योग्य ठरवलेली व्यक्ती. म्हणून समितीसमोर जाताना ‘मुलं ठेवून घ्या’ एवढीच विनंती घेऊन जाऊ नका. आजीचं नाव, वय, गाव आणि फोन नंबर बरोबर न्या. मावशी, आत्या, मामा यांतलं कोण काय करू शकेल तेही विचारून ठेवा.

आजी थकलेली आहे म्हणता. मग नेमकं विचारायला हवं: दीड वर्षाच्या पोराला उचलून अंघोळ घालता येते का? रात्री दोनदा उठता येतं का? डोळ्यांना दिसतं का? धाकट्याला तिला उचलता येत नसेल, पण दोन मोठी मुलं तिच्याबरोबर सहज राहतील, असंही असू शकतं. या प्रकरणात तिन्ही मुलांना गावी आजीकडे पाठवण्यापेक्षा आजीला पुण्यात, त्याच खोलीत आणणं जास्त चांगलं. शाळा तीच राहते, अंगणवाडी तीच, आई बसच्या अंतरावर, आणि तुम्ही भिंतीपलीकडे. तुम्ही तिन्ही मुलं सांभाळू शकत नसलात तरी सकाळी तासभर धाकट्याला घेऊ शकता, आणि तेवढ्यावर आजी तग धरते. गावी नेलं तर शाळा बदलणं, आईची भेट तुटणं आणि पुन्हा परत आणणं ही सगळी ओढाताण तीन महिन्यांसाठी होईल.

खायचं काय, हा पुढचा प्रश्न. रेशनकार्ड लातूरचं असलं तरी आधार जोडलेलं असेल तर पुण्यातल्या रास्त भाव दुकानातून धान्य उचलता येतं. त्यासाठी कार्डावर नाव असलेल्या माणसाचा अंगठा लागतो. आजीचं नाव वेगळ्या कार्डावर असेल तर आधी ते तपासा. धाकट्यासाठी अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो. स्थलांतरित मुलाचं नावही अंगणवाडीत घालता येतं. मोठ्या दोघांना शाळेत शालेय पोषण आहार आहे. योजनेचे पैसे यायला महिने लागतात. पहिले सहा-आठ आठवडे तगायला हीच तीन दारं कामाची. जाता जाता आणखी एक: ही बाई कामावर असताना पडलीय. ठेकेदारावर भरपाईचा दावा होऊ शकतो, आणि ती बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेली असेल तर तिथेही विचारायला हवं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न घालता वकील फुकट मिळतो, नंबर १५१००.

आजी येणार असेल तर समितीकडे कशाला जायचं, असं वाटेल. कायद्याची सक्ती नाही. तरी जा. समितीने मुलं आजीच्या सांभाळात दिल्याचा लेखी आदेश असला की शाळेत, दवाखान्यात, बँकेत आजीचा शब्द चालतो, आणि वर्षभर गायब असलेला नवरा अचानक येऊन धाकट्याला उचलून न्यायला लागला तर तुमच्या हातात कागद असतो. शिवाय महिन्याच्या आर्थिक मदतीची वाटही याच दारातून जाते. आजीचं आधार, राहण्याचा पुरावा, नातं दाखवणारा एखादा कागद, दोन फोटो आणि आईचं संमतिपत्र एवढं बरोबर घ्या. आजीकडून हमीपत्र लिहून घेतात. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) किंवा बाल संरक्षण कक्षाचा समाजसेवक घरी येऊन बघून जातो. खोली लहान आहे म्हणून लाजू नका. मूल कुठे झोपतं, रात्री जवळ कोण असतं, पाणी आणि संडास कुठे आहे, दारू पिणारं कोणी घरात आहे का, हे तो बघतो.

महाराष्ट्रात आर्थिक मदतीच्या दोन योजना लक्षात ठेवा. पहिली राज्याची, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. तिच्यात दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अनाथ, एक पालक असलेली, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेली, कुटुंब संकटात असलेली मुलं यात बसतात. दुसरी केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतलं प्रायोजकत्व (स्पॉन्सरशिप): दर मुलामागे महिन्याला ४,००० रुपये, खर्च केंद्र आणि राज्य मिळून. तिला उत्पन्नाची अट आहे, ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांपर्यंत. अपघाताने असमर्थ झालेले पालक, नवऱ्याने सोडलेली स्त्री, ही कारणं २०१५ च्या कायद्यातच प्रायोजकत्वासाठी दिलेली आहेत, म्हणजे हे प्रकरण तिथे नीट बसतं. दोन्ही अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे होतात. कुठल्या योजनेत मुलं बसतात ते कक्षाला ठरवू द्या.

अर्ज अडतात ते जवळपास नेहमी त्याच दोन-तीन ठिकाणी. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लातूरचा काढायचा की पुण्याचा, यात पंधरा दिवस जातात. जिथे अर्ज करताय त्याच कक्षाला विचारून मग काढा. मुलाचं आधार नसतं, किंवा आधारवरचं आणि शाळेच्या बोनाफाईडवरचं नाव जुळत नाही. बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं, किंवा शून्य शिलकीवर पडून बंद झालेलं असतं. विधवा असेल तर नवऱ्याचा मृत्यूदाखला जोडता येतो. सोडून गेलेल्या नवऱ्याचा कुठलाच दाखला नसतो आणि इथे बायका हटकून अडतात. अशा वेळी तिचं स्वयंघोषणापत्र, नगरसेवकाचा किंवा ग्रामसेवकाचा दाखला आणि गृहभेटीच्या अहवालातली नोंद यांवर काम चालवावं लागतं. गृहभेटीला आलेल्या माणसाला ही गोष्ट आवर्जून सांगा, त्याने ती लिहिली का ते विचारा. पैसे दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येतील असं धरून उसनवारी करू नका. कधी तीन-चार महिन्यांचे एकदम येतात. मूल शाळेत सतत गैरहजर राहिलं तर मदत थांबू शकते, तेवढं सांभाळा.

आजीचं जमलंच नाही, तर संस्था. इथे एक दुःख आधीच सांगायला हवं: तिघं भावंडं एकत्र राहतील याची खात्री नाही. सहा वर्षांखालचं मूल शिशुगृहात जातं. मोठ्यांसाठी मुलांचं बालगृह वेगळं आणि मुलींचं वेगळं. म्हणजे एका घरातली तीन मुलं तीन ठिकाणी. तिन्ही संस्था एकाच आवारात असतील तर उत्तम, पण शहराच्या तीन टोकांनाही असू शकतात. समितीसमोर तोंडी आणि लेखी, दोन्ही प्रकारे मागा: भावंडांना शक्य तितकं जवळ ठेवावं आणि आठवड्यातून एकदा त्यांची भेट किंवा फोन व्हावा. आदेशात ती ओळ आली की संस्थेला ती पाळावी लागते. दोघं मोठी एका नातेवाइकाकडे आणि फक्त धाकटा शिशुगृहात, अशी वाटणीही मागता येते. सगळं किंवा काहीच नाही, असं नसतं.

लातूर हे मूळ गाव दिसलं की प्रकरण तिकडच्या समितीकडे वर्ग करायचा विचार होऊ शकतो. मुलाला त्याच्या जिल्ह्यात पाठवावं हे एरवी रास्तच. पण इथे आई पुण्यात खाटेवर आहे. वर्ग करू नये अशी विनंती कारणासह द्या.

बरोबर काय द्यायचं? कपडे संस्थेत मिळतात. तुम्ही द्यायची आहे ती माहिती, आणि एक-दोन वस्तू. धाकट्याचं लसीकरणाचं कार्ड. मोठ्यांची शाळेची दप्तरं. औषध चालू असेल तर बाटलीसकट आणि चिठ्ठीसकट. आणि एक कागद, धाकट्यासाठी. घरात त्याला काय नावाने हाक मारतात. पाण्याला तो काय म्हणतो, भुकेला काय. कुशीवर झोपतो की पोटावर. अजून अंगावर पितो का, आणि पीत असेल तर गेले चार दिवस काय खातोय. मऊ भातात वरण चालतं की दूधच लागतं. कशाला घाबरतो. आईची न धुतलेली ओढणी किंवा जुन्या साडीचा तुकडा पिशवीत ठेवा आणि तो धुऊ नका असं काळजीवाहकांना सांगा. दीड वर्षाच्या मुलाला आदेश कळत नाही, वास कळतो. शिशुगृहात एका ताईकडे अनेक बाळं असतात. हा अर्धा पानाचा कागद तिच्या हातात असेल तर पहिल्या तीन रात्री बऱ्याच सुसह्य होतात. अंगावर पिणारं मूल असेल तर त्याला आईजवळ आणता येईल का, हे समाजसेवा अधीक्षकांना आधी विचाराच.

मुलं सोपवताना आदेशाची प्रत मागून घ्या. त्यात ‘तात्पुरता’ हा शब्द आहे का, आईचं नाव बरोबर आहे का, पुढची तारीख काय, संस्थेचं नाव काय, हे तिथेच उभ्याने वाचा. कायद्याप्रमाणे सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत आणि अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत व्हायचा असतो. अंतिम निर्णयाला किमान तीन सदस्य हजर लागतात. पुढच्या तारखेला आई येऊ शकत नसेल तर तिच्या वतीने कोणीतरी जायलाच हवं, रुग्णालयाचं ताजं पत्र घेऊन. आईच्या बाजूने एकही माणूस, एकही कागद येत नाही अशा दोन-तीन तारखा गेल्या की कागदांवरचं चित्र हळूहळू ‘पालकांना रस नाही’ असं व्हायला लागतं. आईला मुलांना रोज फोन करता आला, तर संस्थेच्या वहीत त्याची नोंद होऊ द्या. ती नोंद पुढे फार उपयोगी पडते. दिवाळी, परीक्षा, घरातलं कार्य यासाठी मुलाला साधारण सात दिवसांपर्यंत रजेवर घरी नेण्याची तरतूदही कायद्यात आहे, प्रवासाचे दिवस वेगळे.

परत आणताना होणारी चूक अगदी एकसारखी. आईला घरी सोडतात, ती कुबड्यांवर थेट बालगृहाच्या दारात जाते, आणि अधीक्षक म्हणतात, ‘मुलं देता येणार नाहीत.’ ते खरंच देऊ शकत नाहीत. समितीच्या आदेशाने आलेलं मूल समितीच्या आदेशानेच जातं. त्या क्षणी तिला वाटतं मुलं हिरावली गेली, आणि दारातच रडारड होते. हे टाळायचं तर घरी सोडण्याच्या आठ-दहा दिवस आधी समितीकडे अर्ज द्या: अमुक तारखेला डिस्चार्ज आहे, घर तेच आहे, सुरुवातीचे दिवस मदतीला अमुक व्यक्ती राहणार आहे. गृहभेट त्या आधीच उरकून घ्या. डिस्चार्ज कार्ड मिळालं की त्याची प्रत जोडा. समितीला काळजी एवढीच असते की कुबड्यांवरची बाई दीड वर्षाच्या मुलामागे धावणार कशी. त्याचं उत्तर तयार ठेवा. गरिबी हे मूल न देण्याचं कारण होऊ शकत नाही. तसा आदेश आलाच, तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं.

या सगळ्या काळात एका माणसापासून सावध राहा, आणि तो दिसायला फार भला असतो. ‘आमच्या आश्रमात ठेवा, कागदपत्रं काही नकोत.’ किंवा, ‘माझ्या ओळखीचं मूलबाळ नसलेलं जोडपं आहे, धाकट्याला राजासारखं ठेवतील, बाईच्या उपचाराचा खर्चही देतील.’ पहिल्या प्रकारात संस्थेची बाल न्याय कायद्याखालची नोंदणी विचारा. ती पाच वर्षांची असते, म्हणून तारीखही बघा. नोंदणीशिवाय अशी मुलं ठेवणं हा गुन्हा आहे. दुसऱ्या प्रकारात पैसे घेऊन मूल देणं आणि घेणं दोन्हीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड आहे. मध्यस्थ रुग्णालयातलाच असेल तर शिक्षा आणखी वाढते. आणि शिक्षा राहू द्या, ते मूल परत मिळवणं अतिशय अवघड होऊन बसतं.

इतर संकटांबद्दल थोडक्यात, कारण तेही विचारलंय. घरात मारहाण होत असेल आणि आईला मुलांसह बाहेर पडायचं असेल, तर १८१ वर फोन करून सखी केंद्र (संकटातल्या स्त्रियांसाठीचं मदत केंद्र) गाठावं. तिथे काही दिवस मुलांसकट राहता येतं. मुली कुठल्याही वयाच्या चालतात, मुलग्यांना वयाची मर्यादा आहे, ती फोनवरच विचारून घ्या. आईला अटक झाली तर सहा वर्षांपर्यंतचं मूल तिच्याबरोबर तुरुंगात राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तसे निर्देश दिलेले आहेत. त्याहून मोठं मूल तिच्या इच्छेप्रमाणे नातेवाइकांकडे, ते नसतील तर समितीमार्फत. दिवसापुरतीच सोय हवी असेल तर पाळणा योजनेतली अंगणवाडीला जोडलेली पाळणाघरं बघा, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, दिवसाला साडेसात तास. ती सगळीकडे नाहीत. गोव्यातही हाच केंद्रीय कायदा.

आणि शेवटी शेजारणीसाठी. मुलं ज्याच्या हाती द्याल त्याचं नाव, हुद्दा, तारीख, वेळ आणि तिन्ही मुलांची नावं लिहिलेल्या कागदावर त्याची सही घ्या. एक प्रत तुमच्याकडे, एक फोटो काढून आईच्या फोनवर. संध्याकाळी वॉर्डात जाऊन तिला तो कागद वाचून दाखवा, आणि मुलांना भेटायची पहिली तारीख कोणती ते सांगा.